'हार्डशिप' हा शब्द नेमका कुठे वापरायचा: इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

मराठीत कष्ट करतात आणि कष्ट सोसतातही. राबणारा कष्ट करतो, उपासमारीत दिवस काढणारा कष्ट सोसतो, शब्द एकच. इंग्रजीत मात्र इथे दोन वाटा फुटतात. करायच्या कष्टांना 'हार्ड वर्क' म्हणतात आणि सोसायच्या कष्टांना 'हार्डशिप'. मराठी माणसाच्या इंग्रजीत हा शब्द चुकतो तो बहुतेक वेळा इथेच, कारण डोक्यात 'कष्ट' येतो आणि 'हार्ड' दिसलं की हात तिकडे जातो. हा एक फरक पक्का झाला की बाकीचं फारसं अवघड नाही. तरी पायरीपायरीनेच जाऊ, कारण शब्दाचा अर्थ कळणं वेगळं आणि तो वाक्यात नीट बसवणं वेगळं.

पायरी १: उच्चार आणि स्पेलिंग

स्पेलिंग आठ अक्षरांचं: एच, ए, आर, डी, एस, एच, आय, पी. सगळा एक शब्द आहे, मध्ये जागा सोडायची नाही आणि जोडरेषाही द्यायची नाही.

उच्चारताना जोर पहिल्या भागावर द्यायचा, 'हार्ड'वर. 'शिप' हलकं आणि आखूड. इथली 'शि' ऱ्हस्व आहे. ती लांबवली की 'शीप' होतं आणि ऐकणाऱ्याला मेंढी ऐकू येते. ब्रिटिश उच्चारात 'र' जवळजवळ गळतो आणि 'हा' लांबतो, अमेरिकन उच्चारात 'र' स्पष्ट ऐकू येतो. दोन्ही बरोबर, फक्त एकदा एक निवडला की तोच चालवावा. 'ड'नंतर लगेच 'श' येतो तिथे आपली जीभ सवयीने छोटासा 'अ' घालते आणि 'हार्डअशिप' असं काहीतरी होतं. ते टाळायचं असेल तर 'ड' पूर्ण सोडायचाच नाही, जीभ वरच्या दातांमागे टेकवून तिथूनच 'श'कडे न्यायची. अनेकवचन 'हार्डशिप्स', शेवटी 'प' असल्यामुळे 'स' येतो, 'झ' नाही.

पायरी २: शब्दाची फोड

'हार्ड' म्हणजे कठीण, खडतर. मागचा 'शिप' हा प्रत्यय आहे, त्याचा जहाजाशी काही संबंध नाही. जहाज या अर्थाचा 'शिप' वेगळ्या मुळातून आला. हा प्रत्यय 'घडवणे, आकार देणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूशी नातं सांगतो, तोच धातू 'शेप' या शब्दामागे आहे. जर्मनमधला 'शाफ्ट' हा प्रत्यय याचाच भाऊ. 'फ्रेंडशिप', 'लीडरशिप', 'मेंबरशिप' हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. त्यांत 'शिप' जे काम करतो ते मराठीत 'पण', 'की' किंवा 'त्व' करतात. त्या हिशेबाने 'हार्डशिप' म्हणजे खडतरपण, खडतर अवस्था. हा शब्द एखाद्या कृतीचं नाव नाही, माणूस ज्या अवस्थेत सापडतो तिचं नाव आहे. पुढचं सगळं व्याकरण यातूनच निघतं.

याच 'हार्ड'शी नातं असलेले तीन शब्द घोटाळा करतात, ते आत्ताच बाजूला काढून ठेवू. 'हार्डनेस' म्हणजे वस्तूचा कठीणपणा: दगडाचा, धातूचा, किंवा पाण्याचा जडपणा. 'हार्डी' म्हणजे काटक. आणि 'हार्डली' म्हणजे जेमतेम, क्वचितच. 'ही वर्क्स हार्डली' असं लिहिलं तर तो मेहनती आहे हा अर्थ जाऊन तो काम करतच नाही असा अर्थ होतो.

पायरी ३: तीन प्रश्नांची चाळणी

एखाद्या परिस्थितीला 'हार्डशिप' म्हणावं का, हे ठरवायला स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला, हे काही काळ चाललं आहे का? तासाभराच्या त्रासाला हा शब्द पेलत नाही. गाडी चुकली, वीज दोन तास गेली, रांगेत उभं राहावं लागलं, तर 'इन्कन्व्हीनियन्स' म्हणायचं, म्हणजे गैरसोय. गैरसोयीला 'हार्डशिप' म्हटलं की वाचणाऱ्याला अतिशयोक्ती वाटते, आणि अर्जात अशी अतिशयोक्ती महागात पडते.

दुसरा, जगण्याला लागणाऱ्या गोष्टी कमी पडताहेत का? अन्न, निवारा, ऊब, औषध, पैसा, विश्रांती, सोबत यांपैकी काहीतरी तुटतं आहे का? परीक्षेतला अवघड प्रश्न ही 'डिफिकल्टी', हार्डशिप नव्हे. त्यात कुणाचं काही हिरावलं जात नाही.

तिसरा, हे माणसावर येऊन पडलं आहे का? स्वतः ठरवून धावलेली मॅरेथॉन शरीराला कितीही पिळून काढो, तिला 'हार्डशिप' म्हणणं कानाला खटकतं. तिथे 'चॅलेंज' चालतो. पण इथे थोडी सूट आहे. मोहिमेवर, युद्धावर किंवा दूरच्या मुक्कामी माणूस आपणहून गेला असला तरी तिथल्या थंडीवर आणि उपासमारीवर त्याचा ताबा नसतो, म्हणून तिथे हा शब्द चालतो. निर्णय स्वतःचा आणि भोग परिस्थितीचे, असं तिथलं गणित असतं.

तिन्हींची उत्तरं 'हो' आली तर शब्द बिनधास्त वापरा. दोन आली तर पुन्हा विचार करा. एकच आलं तर दुसरा शब्द शोधा.

पायरी ४: 'केले' की 'सोसले'

आता मुख्य मुद्दा, आणि इथे जरा रेंगाळायला हवं.

हे वाक्य घ्या: 'आईवडिलांनी खूप कष्ट करून आम्हाला शिकवलं.' नवशिक्याचा पहिला प्रयत्न हमखास असा येतो: 'अवर पेरेंट्स डिड मेनी हार्डशिप्स अँड टॉट अस.' यात दोन चुका आहेत. 'टॉट अस' म्हटलं की आईवडील स्वतः शिक्षक होते आणि त्यांनी आम्हाला धडे दिले असा अर्थ निघतो. इथे 'एज्युकेट' हवं. खरी गोची 'डिड हार्डशिप्स'ची आहे. हार्डशिप ही अवस्था आहे, आणि अवस्था कुणी करत नाही. तिच्यात सापडतात, तिच्यातून जातात, ती सोसतात. 'डू', 'मेक' आणि 'टेक' ही तिन्ही क्रियापदं 'हार्डशिप'पुढे कधीच लावू नयेत.

मग बरोबर वाक्य कोणतं? ते मूळ मराठी वाक्यातल्या 'कष्ट'चा अर्थ काय यावर ठरतं. आईवडील दिवसरात्र राबले असं सांगायचं असेल तर: 'अवर पेरेंट्स वर्क्ड व्हेरी हार्ड टु एज्युकेट अस.' यात 'हार्डशिप'चं काम नाही. त्यांनी स्वतः अर्धपोटी राहून, फाटकं नेसून आम्हाला शिकवलं असं सांगायचं असेल तर: 'अवर पेरेंट्स एन्ड्युअर्ड ग्रेट हार्डशिप टु एज्युकेट अस.' आणि दोन्ही खरं असेल, जे बहुतेक घरांत असतं, तर दोन्ही लिहा: 'अवर पेरेंट्स वर्क्ड हार्ड अँड एन्ड्युअर्ड ग्रेट हार्डशिप टु एज्युकेट अस.' इंग्रजी वाचकाला यात पुनरुक्ती वाटत नाही, कारण त्याच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परीक्षा सोपी आहे. मराठी वाक्यातला 'कष्ट' काढा आणि त्या जागी एकदा 'मेहनत' आणि एकदा 'हाल' घालून पाहा. 'मेहनत' बसली तर 'हार्ड वर्क'. 'हाल' बसले तर 'हार्डशिप'. 'मुलीने कष्ट करून पहिला नंबर मिळवला' यात 'मेहनत करून' बसतं, 'हाल करून' मुळीच बसत नाही. 'पुरानंतर गावाने फार कष्ट काढले' यात उलट 'हाल काढले' सहज बसतं. मराठी कान हा निवाडा क्षणात करतो, म्हणून त्याच्यावर विसंबायला हरकत नाही.

दुसरी चूक यातूनच जन्मते: मुलाखतीत किंवा बायोडेटात 'आय बिलीव्ह इन हार्डशिप' असं लिहिणं. लिहिणाऱ्याला 'माझा मेहनतीवर विश्वास आहे' म्हणायचं असतं, आणि वाचणाऱ्याला कळतं की याचा हालअपेष्टांवर विश्वास आहे. तिथे 'हार्ड वर्क'च हवं. आणि 'हार्ड वर्क' हे दोन शब्द आहेत. एकत्र लिहिले तर चूक. 'हार्ड-वर्किंग' या विशेषणात मात्र जोडरेषा येते, किंवा ते एकत्रही लिहितात.

पायरी ५: कुणाशी जोडी जमते

कोणतं क्रियापद, कोणतं विशेषण आणि कोणतं शब्दयोगी अव्यय लावायचं, हे नियमाने नाही तर सवयीने ठरतं. म्हणून सुटे शब्द पाठ करू नका, जोड्या पाठ करा.

भोगणाऱ्याच्या बाजूने सर्वांत उपयोगी क्रियापदं 'फेस', 'सफर', 'एन्ड्युअर' आणि 'एक्सपिरियन्स'. चारही एकसारखी नाहीत. 'फेस' म्हणजे परिस्थिती समोर उभी ठाकली आहे. ती अजून पूर्ण अंगावर आलेली नसली तरी चालतं. 'सफर'मध्ये भोग आहे. 'एन्ड्युअर'मध्ये भोगाबरोबर टिकून राहणं आहे, म्हणून आदराने बोलायचं असेल तर हा शब्द निवडतात. 'एक्सपिरियन्स' हा कागदी आणि तटस्थ शब्द, अर्जासाठी उत्तम, बोलताना मात्र कोरडा. 'ओव्हरकम' म्हणजे त्यातून पार होणं. ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दलच बोलायचं; हाल चालू असताना 'आय हॅव ओव्हरकम हार्डशिप' म्हणणं खोटं ठरतं.

हाल करणाऱ्या गोष्टीच्या बाजूने 'कॉज' आणि 'इम्पोज'. 'इम्पोज' घेतलं की पुढे 'ऑन' येतो: 'द न्यू रूल इम्पोजेस हार्डशिप ऑन स्मॉल फार्मर्स.' 'कॉज'पुढे 'टु' किंवा 'फॉर' येतं. मदत करणाऱ्याच्या बाजूने 'ईझ', 'रिलीव्ह' किंवा 'ॲलिव्हिएट'.

विशेषणांत 'ग्रेट', 'सिव्हिअर', 'एक्स्ट्रीम', 'रिअल' आणि 'कन्सिडरेबल' चालतात. कशाची ओढ आहे ते सांगायला 'फायनान्शियल', 'इकॉनॉमिक' आणि 'फिजिकल'. 'बिग', 'हेवी' आणि 'हाय' लावले की वाक्य लंगडतं. 'हेवी हार्डशिप' हे 'भारी कष्ट'चं शब्दशः रूप आहे आणि इंग्रजीत कुणी असं म्हणत नाही.

या शब्दाचं क्रियापद होत नाही. 'ही वॉज हार्डशिप्ड' असं काही नसतं. विशेषणही होत नाही. पण नाम तसंच दुसऱ्या नामापुढे ठेवता येतं: 'हार्डशिप फंड', 'हार्डशिप ग्रँट', 'हार्डशिप अलाउन्स'. या जागी तो नेहमी एकवचनीच राहतो. 'हार्डशिप्स फंड' नाही.

पायरी ६: 'अ' लावायचा की नाही

हार्डशिप बहुतेक वेळा मोजता न येणारं नाम म्हणून येतं, दूध किंवा वाळूसारखं. तेव्हा पुढे 'अ' नाही, मागे 'एस' नाही: 'मेनी फॅमिलीज आर लिव्हिंग इन हार्डशिप.' एकेक वेगळी झळ दाखवायची असेल तर अनेकवचन येतं: 'द हार्डशिप्स ऑफ वॉर', म्हणजे युद्धातली थंडी, भूक, ताटातूट, एकेक करून. एकच विशिष्ट ओझं दाखवायचं असेल तर 'अ हार्डशिप' चालतं: 'लूझिंग द बस सर्व्हिस वुड बी अ रिअल हार्डशिप फॉर ओल्डर पीपल.'

चुकीच्या जोड्या दोन. 'मेनी हार्डशिप', कारण 'मेनी'पुढे अनेकवचनच हवं. आणि 'मच हार्डशिप्स', कारण 'मच'पुढे अनेकवचन येत नाही. अडलात तर बिनमोजणीचं रूप घ्या आणि पुढे 'ग्रेट' ठेवा. 'ग्रेट हार्डशिप' कुठेही चुकत नाही.

पायरी ७: शेजारचे शब्द

शब्दकोशात 'हार्डशिप'च्या पुढे 'संकट, विपत्ती, दुःख, आपत्ती' अशी रांग असते, आणि 'ॲडव्हर्सिटी', 'ऑर्डील', 'ट्रिब्युलेशन' यांच्यापुढेही जवळपास तीच. त्यामुळे सगळे समानार्थी वाटतात. ते तसे नाहीत. एकाच घटनेवर हे शब्द लावून पाहिले की फरक डोळ्यांसमोर येतो.

अर्नेस्ट शॅकल्टन १९१४ मध्ये २७ सोबत्यांसह अंटार्क्टिकाला निघाला. १९१५ मध्ये त्यांचं जहाज बर्फात अडकून चिरडलं गेलं. जहाजाचं नाव 'एन्ड्युअरन्स', म्हणजे सोशिकपणा. पायरी ५ मधल्या 'एन्ड्युअर'चंच नाम. महिनोन्महिने बर्फावर काढून पुढे सगळे एलिफंट बेटावर पोचले. तिथून शॅकल्टन पाच जणांना घेऊन एका उघड्या होडीतून मदत आणायला गेला: सुमारे १,३०० किलोमीटर खवळलेला समुद्र, १६ दिवस. मागे राहिलेल्या २२ जणांनी दोन होड्या उलथ्या घालून त्यांच्याखाली चार महिन्यांहून जास्त काळ काढला. १९१६ च्या ऑगस्टअखेरीस त्यांची सुटका झाली. अठ्ठावीसही जण जिवंत परतले.

आता शब्द लावू. उलथ्या होड्यांखाली २२ जणांनी थंडीत, अपुऱ्या अन्नावर काढलेले महिने ही 'हार्डशिप'. संथ, लांबलेली, रोजची. उघड्या होडीतले १६ दिवस हे 'ऑर्डील'. त्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे, आणि मधलं सगळं जीवघेणं आहे. जहाज गेल्यापासून सुटकेपर्यंत नशिबाचं वारं जे उलटं फिरलं होतं ती 'ॲडव्हर्सिटी'. आणि त्या माणसांच्या मनाची जी तडफड झाली असेल ती 'सफरिंग'. हार्डशिप बाहेरच्या परिस्थितीत असते, सफरिंग आत असतं. म्हणूनच हार्डशिपमध्येही काही माणसं हसतखेळत राहू शकतात, आणि इंग्रजीत तसं लिहिलं तर विसंगत वाटत नाही.

या शब्दांची मुळं मराठी वाचकाला फार जवळची आहेत. 'ऑर्डील' हा जुन्या इंग्रजीत 'न्यायनिवाडा' या अर्थाचा शब्द होता. आरोपीला तापलेलं लोखंड धरायला लावायचं किंवा पाण्यात टाकायचं, आणि तो कसा निभावतो त्यावरून दोषी की निर्दोष ते ठरवायचं. आपल्याकडे याच प्रकाराला 'दिव्य' म्हणत, आणि 'दिव्यातून जाणं' हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. म्हणून 'ऑर्डील'ला 'दिव्य' यापेक्षा चांगला मराठी शब्द शोधून सापडणार नाही. 'ट्रिब्युलेशन'च्या मुळाशी लॅटिनमधलं मळणीचं अवजार आहे. कणसं रगडावीत तसं माणसाला रगडणारं दुःख. हा शब्द आज धार्मिक किंवा भारदस्त लिखाणात, आणि 'ट्रायल्स अँड ट्रिब्युलेशन्स' या जोडीत तेवढा उरला आहे. रोजच्या पत्रात घालू नका. 'ॲडव्हर्सिटी' म्हणजे शब्दशः 'विरुद्ध वळलेलं', आपलं 'प्रतिकूल'. त्याला 'फायनान्शियल' सहसा लावत नाहीत आणि त्याचा फंडही निघत नाही. तो भाषणात आणि चरित्रात शोभतो.

'पॉव्हर्टी'शीही गल्लत नको. गरिबीत हार्डशिप बहुधा असते, पण हार्डशिपला गरिबीच लागते असं नाही. शॅकल्टनचे सोबती गरिबीमुळे उपाशी नव्हते. उलट, चांगल्या पगाराचा माणूस अचानक काम सुटल्यावर 'फायनान्शियल हार्डशिप'मध्ये येऊ शकतो आणि तरी 'पुअर' ठरत नाही. अर्ज करताना हा फरक कामाला येतो, कारण 'हार्डशिप' हा शब्द तात्पुरत्या ओढीसाठीही चालतो आणि त्यात कमीपणा नाही.

पायरी ८: नियमांतला आणि करारांतला 'हार्डशिप'

कागदोपत्री हा शब्द आला की त्याला ठरीव अर्थ असतो आणि शब्दकोशातला अर्थ पुरत नाही. चार जागा माहीत असाव्यात.

अमेरिकेतल्या १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यात 'अनड्यू हार्डशिप' हा शब्दप्रयोग आहे. अपंग कर्मचाऱ्याला काम करता यावं म्हणून मालकाने वाजवी सोयी करून द्याव्यात, पण त्या करण्यात लक्षणीय अडचण किंवा खर्च येत असेल तर त्याला सूट मिळते. इथे हार्डशिप कर्मचाऱ्याची नाही, मालकाची मोजतात. भाषांतर करताना भलेभले इथे फसतात आणि 'कर्मचाऱ्याच्या हालअपेष्टा' असं लिहून बसतात. इथे 'अवाजवी भार' बरोबर.

त्याच देशात निवृत्तीच्या बचतखात्यातून वेळेआधी पैसे काढण्याच्या एका प्रकाराला 'हार्डशिप विथड्रॉवल' म्हणतात. त्यासाठी आर्थिक गरज तातडीची आणि मोठी असावी लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत 'हार्डशिप' हे ठिकाणाचं वर्गीकरण आहे. आरोग्यसेवा, सुरक्षा, हवामान, एकाकीपणा, घरांची स्थिती अशा गोष्टी पाहून ठिकाणांना 'एच' आणि 'ए' ते 'ई' असे वर्ग देतात. 'ई' सर्वांत खडतर. तिथे मिळणारा 'हार्डशिप अलाउन्स' हा कर्मचाऱ्याच्या घरच्या अडचणीसाठी नसून त्या ठिकाणाच्या खडतरपणासाठी असतो. मराठीत 'खडतर ठिकाणाचा भत्ता' म्हटलं की घोटाळा राहत नाही.

आंतरराष्ट्रीय व्यापारी करारांत 'हार्डशिप क्लॉज' असतं. देशोदेशींचे खाजगी कायदे एकसारखे व्हावेत म्हणून काम करणाऱ्या युनिड्रॉइट या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या करारतत्त्वांत याची व्याख्या आहे: करारानंतर असं काही घडलं की एका बाजूचा खर्च फार वाढला किंवा तिला मिळणाऱ्या गोष्टीचं मोल फार घटलं, आणि कराराचा तोल मुळातूनच ढळला. ती घटना आधी लक्षात घेता येण्यासारखी नसावी, ताब्यातली नसावी, आणि तिची जोखीम त्या बाजूने पत्करलेली नसावी. मग ती बाजू फेरवाटाघाटी मागू शकते. याच्या शेजारीच 'फोर्स मेजर' असतं, त्याच्याशी गल्लत करू नका. फोर्स मेजरमध्ये करार पाळण्यातच न टाळता येणारा अडथळा येतो. हार्डशिपमध्ये पाळणं शक्य असतं, पण फार जड जातं.

पायरी ९: अर्जात वापरताना

फी भरायला मुदत, कर्जाच्या हप्त्यात सवलत, मदतनिधी अशा मागण्यांच्या इंग्रजी पत्रात हा शब्द सर्वांत जास्त लागतो. तिथे तो एकदाच, फार तर दोनदा वापरा. प्रत्येक ओळीत आला की वाचणारा त्याकडे दुर्लक्ष करू लागतो.

बिघडलेला नमुना असा: 'आय ॲम फेसिंग मेनी बिग हार्डशिप्स सो काइंडली ॲडजस्ट.' कशाची ओढ, कधीपासून, किती, काय हवं, यातलं काहीच यात नाही. 'ॲडजस्ट'चा आपल्याला अभिप्रेत असलेला 'सांभाळून घ्या' हा अर्थ तर इंग्रजी वाचकाला कळतच नाही.

आता तेच नीट करू. पहिल्या वाक्यात कारण आणि महिना: 'आय लॉस्ट माय जॉब इन मार्च.' दुसऱ्यात परिणाम, आकड्यासह: 'अवर हाउसहोल्ड इन्कम हॅज फॉलन बाय हाफ.' तिसऱ्यात शब्द: 'ॲज अ रिझल्ट, वी आर एक्सपिरियन्सिंग सिव्हिअर फायनान्शियल हार्डशिप.' चौथ्यात नेमकी मागणी: 'आय रिक्वेस्ट अ थ्री-मंथ एक्स्टेन्शन.' पाचव्यात पुरावा: सोबत कोणते कागद जोडले ते नावानिशी.

क्रम असाच का? 'हार्डशिप' हा निष्कर्ष आहे. तो आधी आला तर वाचणारा पुरावा शोधत बसतो. आकड्यांनंतर आला तर तो मान डोलावतो. 'सिव्हिअर' लिहिण्याआधी आकडा पुन्हा पाहा. उत्पन्न थोडंसंच घटलं असेल तर विशेषण गाळा, नुसतं 'फायनान्शियल हार्डशिप' पुरतं. आणि चालू परिस्थिती सांगायला 'वी आर एक्सपिरियन्सिंग'. 'वी एक्सपिरियन्स्ड' लिहिलं तर ती वेळ सरली असा अर्थ होतो आणि अर्जाचा पायाच निसटतो.

पायरी १०: मराठीत आणताना

'हार्डशिप'ला मराठीत एकच शब्द ठरवून टाकला की भाषांतर रुक्ष होतं. संदर्भ पाहून निवडा. पैशाची ओढ असेल तर 'हलाखी' हा फार नेमका शब्द आपल्याकडे आहे. 'दे लिव्ह्ड इन हार्डशिप' म्हणजे 'त्यांनी हलाखीत दिवस काढले'. सौम्य असेल तर 'ओढाताण' किंवा 'चणचण'. प्रवास, युद्ध, तुरुंगवास यांत शरीराचे भोग असतील तर 'हालअपेष्टा'. आयुष्यभराचं असेल तर क्रियापदानेच काम होतं: 'खस्ता खाल्ल्या'. सेवेच्या ठिकाणाला 'खडतर', नियमाच्या बोज्याला 'भार'. 'संकट' शक्यतो टाळा, कारण संकट एकाएकी कोसळतं आणि हार्डशिप मुक्कामाला येते. 'आपत्ती'चंही तेच, ती 'डिझास्टर'साठी राखून ठेवा. आपत्ती येऊन जाते, तिच्यामागे उरते ती हार्डशिप.

एक प्रयोग मात्र यातल्या कशातच बसत नाही. 'इट्स नो हार्डशिप' हे बोलीतलं हलकंफुलकं वाक्य आहे. शेजारणीने विचारलं, 'मुलाला तासभर सांभाळाल का?' आणि उत्तर आलं, 'इट्स नो हार्डशिप', तर त्याचं मराठी 'यात हालअपेष्टा नाहीत' असं नव्हे. 'अहो, त्यात कसला त्रास!' एवढंच.